धुरीतली शिंक

हरणमाळात व्यंकटीच्या दारी कुणी गेलं, की बाकीच्यांना न सांगता कळायचं, कुणाची तरी कोंबडी गेली. एरवी त्याच्याकडे कोण कशाला जाईल? गप्पांचा तो माणूस नव्हता. चार शब्द बोलायचे असले तर दोन तंबाखूबरोबर थुंकून टाकायचा, उरलेल्या दोनांत समोरच्यानं भागवून घ्यायचं. उंच, वाळका गडी, आणि नाक असं की धूर सगळ्यात आधी तिकडेच जावा. त्याच नाकाला दस्ती बांधून त्यानं उभी हयात खोकडांना धुरी दिली.

खोकड म्हणजे कोल्ह्याची धाकटी बहीण म्हणा. मांजरापेक्षा जरा थोराड, पाय काड्यांसारखे, शेपटीचं टोक शाईत बुडवल्यासारखं काळं. बरं पिकलं असलं की ती उंदीर खाते, खेकडे खाते, बोरं खाते आणि गावाकडे बघतसुद्धा नाही. नाही पिकलं की डालग्याखालच्या कोंबड्या, दावणीची नवी करडं. मग व्यंकटीला बोलावणं. त्याची रीत ठरलेली होती. माळावर जाऊन बीळ हुडकायचं, दोन तोंडं ठेवून बाकीची दगडामातीनं बुजवायची. एका तोंडाशी गोवऱ्या पेटवून त्यावर वाळल्या मिरच्या टाकायच्या आणि सुपानं वारा घालायचा. दुसऱ्या तोंडाला पोतं लावून बसायचं. धुरानं बेजार झालेलं जनावर पोत्यात येतं. पुढचं सांगायला नको.

पण शिवरात्रीपासून मिरगापर्यंत धुरी बंद. त्या दिवसांत बिळात पिल्लं असतात. हा कायदा त्याच्या बापाचा, आणि बापाचा आणखी एक कायदा होता. चुकून पिल्लांचं बीळ उघडलंच, तर ते रिकामं करूनच उठायचं. आई मारून पिल्लं मागं ठेवली तर ती उपाशी मरतात, आणि आपण त्यांना हात लावला नाही म्हणत माणूस घरी येऊन जेवतो, ते बापाला पसंत नव्हतं. व्यंकटीनं पहिला कायदा इतका कडक पाळला, की दुसऱ्याची पाळी त्याच्यावर कधी आली नाही. गावातले पुढारी त्याच्या दारी येऊन हात जोडून गेले असतील, चैत्रात तो मिरचीला हात लावायचा नाही.

मग लातूर जिल्हा झाला. म्हणजे जिल्ह्याचा आणि खोकडाचा काही संबंध नाही, पण गावाच्या तोंडी सगळं त्याच्यावरूनच मोजायचं चाललं होतं. हरणमाळ अहमदपूर तालुक्याच्या पार कडेला. कागद उस्मानाबादेतून लातुरात आले, बाजार मात्र होता तिथंच, नांदेड जिल्ह्यातल्या कंधारला. नव्या जिल्ह्यात आपल्याला नवं काय मिळालं, म्हणून पारावर चौकशी व्हायची, तर कुणीतरी वर बोट करायचं. वर काहीच नव्हतं. एक पाऊस गेला, दुसरा आलाच नाही. विहिरी तळ दाखवू लागल्या, म्हशी छावणीवर गेल्या, माणसं खडी फोडायला गेली. माळावरचे उंदीर कुठे गेले ते खोकडांनाही कळेना.

त्याच दुष्काळात बुद्धवाड्यातल्या बायांना सरकारी शेळ्या मिळाल्या. नागुबाईच्या वाट्याला कबरी आली. शेळी मोठी गुणी, पण पहिल्या दिवसापासून चेहरा असा, की हिलाच नागुबाई वाटून दिली आहे. नागुबाई विधवा, पोरगा नांदेडला कॉलेजात. कबरीची करडं म्हणजे पोराचं वर्ष, एवढा साधा हिशोब होता. चैत्रात कबरी व्याली, एकच करडू झालं, आणि खडीवरून नागुबाई परत येईतो ते गेलं. दावणीशी रक्त, आणि माळाकडे ओढत नेल्याची रेघ.

ती व्यंकटीच्या दारापुढे येऊन उभी राहिली. पायरी चढली नाही. त्यानंही चढ म्हटलं नाही. तशी रीत होती आणि दोघांनाही ती पाठ होती.

"भाऊ, करडू नेलं," ती म्हणाली.

"शिवरात्र होऊन गेली, बाई. आता बिळात पिल्लं असत्यात."

"माझंबी पिल्लूच व्हतं की."

व्यंकटीनं तंबाखू मळायचा थांबवला. मग तो उठला आणि आत जाऊन मिरच्यांचं मडकं हलवून बघू लागला. त्याची बायको सरजाबाई चुलीपुढून म्हणाली, की चैत्र चालून राहिला, ध्यानात हाय ना? ध्यानात होतं म्हणूनच तो तिच्याकडे न बघता गेला.

बीळ सापडायला वेळ लागला नाही. तोंडाशीच करडाचं कातडं पडलं होतं, पाठीचा पट्टा, त्याला दोन्ही कान तसेच. त्यानं धुरी दिली, मादी पोत्यात आली, एका टोल्यात संपली. तिच्या पोटाशी दूध होतं. मग बापाचा दुसरा कायदा आठवून त्यानं कुदळीनं बीळ उघडलं. आत पिल्लं एकमेकांवर पडली होती, धुरानंच गेलेली. आपल्या हातून काही करायचं राहिलं नाही म्हणून त्याला जरा हलकं वाटलं असेल नसेल, तोच तळातलं एक शिंकलं.

काठी त्याच्या हातातच होती. त्यानं ती उचलली. ते परत शिंकलं. डोळे नीट उघडलेले नाहीत, नाक मिरचीनं लालभडक, आणि शिंक अंगापेक्षा मोठी, की शिंकून स्वतःच मागे पडायचं. व्यंकटी ज्या कामाला आला होता ते काम उभ्या जन्मात चुकला नव्हता. त्या दिवशी चुकला. संध्याकाळी तो गावात शिरला तेव्हा एका हातात नागुबाईला दाखवायला आणलेलं कातडं आणि धोतराच्या ओच्यात पिल्लू. खोकड मारायला गेलेला माणूस बाळंत होऊन आला, असं पारावर म्हटलं गेलं. पिल्लाचं बारसं पण पारानंच केलं. नाव ठेवलं मिरची.

सरजाबाईनं कोंबड्यांचं डालगं उचललं आणि शिडीनं वर माळवदावर नेऊन ठेवलं.

आता हिला पाजायचं काय? म्हैस छावणीवर. चहात भिजवलेली चिंधी तिनं थुंकली, ज्वारीच्या पेजेवर शिंकली. दुसऱ्या दिवशी ती हातात मऊ मऊ पडायला लागली. त्या दिवसांत व्यालेली शेळी कबरीच तेवढी, म्हणून गावात दूध असं एकाच ठिकाणी होतं. कबरीची कास दगडासारखी ताठली होती आणि करडू गेल्यापासून ती पान्हा सोडत नव्हती. ओरडून ओरडून तिनं बुद्धवाडा डोक्यावर घेतला होता.

व्यंकटी नागुबाईच्या अंगणात जाऊन उभा राहिला. आता पायरीखाली उभं राहायची पाळी त्याची होती. ओच्यातून मिरचीचं लाल नाक बाहेर. नागुबाईनं ते बघितलं.

"हिच्या आईनं माझं करडू खाल्लं," ती म्हणाली, "आन् हिला माझ्या शेळीचं दूध?"

"हाव."

"लाज न्हाई वाटत?"

"वाटती."

त्यानं मग त्याच्या मानानं भाषणच केलं. त्याच्या घरी मेंढरं होती तेव्हा एखादीचं पिल्लू मेलं, तर त्याचं कातडं दुसऱ्या पोरक्या पिल्लाच्या अंगावर बांधायचे. आई वास घेते, आपलंच समजते, पान्हा सोडते. कबरी मोकळी झाली तर अर्धं दूध नागुबाईला पिळता येईल. कातडं त्याच्याकडे आहे. नागुबाई अर्ध्या दुधाचा विचार करत होती, हे कबूल करायला तिनं पुढेही कधी लाज धरली नाही. मग तिनं विचारलं, "मोठी होऊन माझ्या शेळीकडं वळली तर?"

"मारीन."

"तुमी सोता. दुसऱ्याच्या हातनं न्हाई."

"म्याच."

वायदा झाला. तो ऐकायला भिंतीपलीकडे निम्मा बुद्धवाडा उभा होता, त्यामुळे उरलेल्या गावाला वेगळं सांगावं लागलं नाही.

खोकडाच्या अंगावर करडाचं कातडं बांधलं, तिच्याच आईनं खाऊन उरवलेलं. कबरीनं हुंगलं, फुरफुरली, पाय आपटला. परत हुंगलं. मग तिच्या कासेतून आपोआप धार सुटली आणि मिरची लोंबकळत, शिंकत, गुरगुरत प्यायला लागली. नागुबाई भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. व्यंकटीनं बघितलं सगळं. त्याला तेच काम होतं.

तेव्हापासून तो रोज दोनदा त्या अंगणात. नागुबाईनं आधी नुसती बाज टाकली, काही दिवसांनी चहाचा कप बाजेच्या टोकाला ठेवून दिला, घेतला तर घ्या, न्हाई तर मुंग्या हायेत. ज्या वाड्यातलं पाणी त्याच्या घरात कुणी घेतलं नव्हतं, तिथला चहा व्यंकटी बशीत ओतून प्यायला. वरच्या गल्लीत ती खबर कबरीच्या दुधाआधी तापली. सरजाबाईनं घरी विचारलं, की तिथला चहा लई गोड लागतो म्हणं? साखर जास्त टाकती, एवढंच तो म्हणाला. सरजाबाईनं त्या दिवसापासून घरच्या चहात साखर वाढवली, दुष्काळात.

शाळेचे अनंतराव गुरुजी नांदेडचे. तेही एकदा बघायला आले. पोरांना दूर उभं करून त्यांनी आधी सांगितलं, की खोकड मारणं कायद्यानं गुन्हा आहे. सगळे हसले, गुरुजीही थोडे हसले. मग बाजेवर बसून ते हळू आवाजात म्हणाले, "व्यंकटराव, आई मारलीत ती गरज होती, असं धरू. पण हे पाळणं कुणासाठी? तिच्यासाठी, का तुमच्या झोपेसाठी?"

"झोप तर लागून न्हाई राहिली, गुर्जी."

"तिला माणसाची भीती उरणार नाही. शेळी तिला आई वाटेल. अशा खोकडानं जगायचं कुठं?"

व्यंकटीनं मिरचीच्या पाठीवरचं कातडं नीट केलं. ते वाळून कडक झालं होतं आणि तिला तोकडं पडत होतं. गुरुजींचं म्हणणं खरं होतं, हे त्याला गुरुजींच्या आधी कळलं होतं. त्यानं सांगितलं, की मिरगात हिला रानात सोडीन, तोवर शिकवीन.

आणि शिकवायला लागला, ती मजा गावानं फुकट बघितली. पन्नाशी उलटलेला माणूस माळावर वाकून टोळामागे उड्या मारतोय, हातानं सरडा दाबतोय, आणि मिरची बाजूला बसून मान तिरकी करून बघतेय. टोळ पकडून तिच्यापुढे ठेवला की ती खायची. उडणारा टोळ मात्र तिच्या लेखी व्यंकटीचं काम. कबरी चरायला निघाली की ही मागं. कबरी बसली की ही तिच्या पोटाशी गोल. उन्हात दोघी एका बाभळीखाली झोपलेल्या दिसायच्या आणि येणारा-जाणारा थांबून हसायचा. धुरीनं तिच्या नाकात कायमचं काही बिघडलं होतं, जरा धूळ उडाली की शिंक. बुद्धवाड्यात कुठे शिंक आली, की नागुबाई न बघता म्हणायची, आली बघा करडी. हे ती हसून म्हणायची. व्यंकटीला ते ऐकायला बरं वाटायचं, आणि बरं वाटलं की तो लगेच उठून घरी जायचा.

मिरग कोरडाच गेला. सोडायचं म्हटलं तर माळावर खायला होतं काय? आज नको, उद्या, असं करत दसरा आला. कबरी पुन्हा गाभण होती. तेव्हा मात्र त्यानं मिरचीला डालग्यात घातलं आणि कंधारच्या गाडीत बसला. कंडक्टरनं विचारलं, काय हाय? कोंबडी, तो म्हणाला. कोंबडी शिंकली. कंडक्टर म्हणाला, सर्दी झालेल्या कोंबडीचं तिकीट न्हाई, पण खोकली तर उतरवीन. कंधारच्या पुढे मन्याड नदी ओलांडून डोंगराच्या अंगाला त्यानं तिला सोडलं. ती गेली नाही. डालग्याभोवती फिरत राहिली. त्यानं दगड मारला, नेम चुकवून. मग नेम धरून मारला. तेव्हा ती गेली.

दिवाळी झाली. चरून परतलेल्या कबरीच्या मागं अंगणात शिंक आली. एक कान फाटलेला, मागचा पाय उचललेला, बरगड्या मोजून घ्याव्यात अशा. कुठल्यातरी गावात ती माणसांकडे सरळ चालत गेली असणार, आणि त्या गावाला तिचं नाव माहीत नव्हतं. कबरीनं तिला हुंगलं आणि चाटायला लागली. नागुबाईनं व्यंकटीला निरोप धाडला. तो आला, बाजेवर बसला. दोघांपैकी कुणीच वायद्याची गोष्ट काढली नाही. चहा झाला.

पौषात कबरीचे दिवस भरले. ती कण्हायला लागली त्याच दुपारी टँकर आला. टँकर म्हणजे काय, हे दुष्काळ बघितलेल्याला सांगायला नको. नंबर गेला की दोन दिवस तोंड कोरडं. व्यंकटी म्हणाला, जा, म्या बसतो. नागुबाई गेली. तिथून तिच्या भांडणाचा आवाज यायला लागला, कुणीतरी तिची घागर मागं सारली होती. व्यंकटी उठला. मिरची कबरीच्या पोटाशी होती, तिला हाकलावं असं त्याच्या मनात आलं, आणि घरचीच हाय असंही आलं. तो घागर उचलायला गेला.

दोघं परतले तेव्हा कबरी उभी होती. एक करडू पायाशी धडपडत होतं, ओलं. दुसरं मिरचीपुढे होतं, अर्धं. मिरचीचं तोंड कपाळापर्यंत लाल. कबरी ओरडत नव्हती, बुजत नव्हती. ती मिरचीची पाठ चाटत होती, जशी नुकत्याच झालेल्या करडाची चाटत होती तशीच.

नागुबाईनं घागर खाली ठेवली. सांडू दिली नाही. जित्या करडाला पदरात घेऊन ती बाजूला झाली आणि मग विचारलं, "जित्तं जन्मलं व्हतं, का मेलेलं?"

मेलेलं, एवढा एक शब्द म्हटला की मिरची वाचत होती. शेळीचं मेलेलं करडू खोकडानं खाल्लं, तर कुणी काय बोलेल? व्यंकटीनं आयुष्यभर शब्द वाचवले होते, त्यातला एक आज खर्चायचा होता. त्यानं खाली बघितलं, अर्ध्या करडाकडे, जणू ते सांगेल.

"ठाव न्हाई," तो म्हणाला. "म्या न्हवतो."

"मग म्या काय म्हणू? वायदा तुमचा हाय."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर त्याला भांडता आलं असतं. पदरातलं करडू ओरडलं, तसे मिरचीनं कान टवकारले आणि ती दोन पावलं त्याच्याकडे आली, शेपूट हलवत. नागुबाई मागे सरली. व्यंकटीनं ते बघितलं आणि काठी घेतली.

माळावर त्याच उघड्या बिळापाशी तो बसला. खोकड धुरीनं निघतं, जाळीनं सापडतं, त्यासाठी माणसानं जन्मभर हिकमती शिकाव्या लागतात. हिच्यासाठी त्यानं जिभेनं टक् टक् केलं. ती लंगडत आली आणि टोळ शोधायला त्याची मूठ हुंगू लागली. मूठ रिकामी होती. ती शिंकली. एका टोल्यात झालं नाही. हात चुकला, दुसरा लागला. हे त्यानं कुणाला सांगितलं नाही. पण घरी आल्यावर सरजाबाईनं धोतरावरचं रक्त धुतलं आणि टँकरच्या रांगेत सांगितलं, म्हणून गावाला कळलं.

कबरी पुढे बरेच दिवस माळाकडे तोंड करून ओरडायची. नागुबाई तिला उलट्या बाजूनं बांधायची, ती दावं ताणून परत वळायची. जित्या करडाला पाजायची ती, पण पाजतानाही मान तिकडेच. व्यंकटीनं त्या अंगणात पाऊल टाकलं नाही. नागुबाईनं बोलावलं नाही असं नाही. एकदा वाटेत गाठून ती म्हणाली, भाऊ, तुमचा काही गुन्हा न्हाई. तो म्हणाला, हाय की. आणि चालू लागला. पारावर कुणीतरी याची चेष्टा करून बघितली. मिरचीशिवाय भाकरी गोड लागती का, वगैरे. कुणी हसलं नाही. काही चेष्टा तोंडातून निघाल्यावरच कळतं, की त्या करायच्या नव्हत्या.

वळीव आला नाही. पुन्हा चैत्र लागला, पुन्हा माळावरून खोकडं खाली आली. वरच्या गल्लीतली करडं गेली, मग बुद्धवाड्यातली. माणसं व्यंकटीच्या दारी गेली. तो शिवरात्रीचं नाव काढेल, नाही म्हणेल, असं सगळ्यांना वाटलं होतं, आणि काहींना त्यानं नाही म्हणावं असंही वाटत होतं. तो मिरच्यांचं मडकं घेऊन निघाला.

त्यानं बीळ हुडकलं, तोंडं बुजवली, धुरी दिली. मादी पोत्यात आली, एका टोल्यात संपली. मग पोतं बाजूला टाकून त्यानं ते तोंडही दगडानं बंद केलं आणि सुपानं वारा घालत राहिला. बरोबर आलेली माणसं थोडी मागं सरली. आतून बारीक शिंका येत होत्या, एक, मग दोन मिळून, मग एक. मघाशी विड्या पेटवलेल्यांनी त्या विझवल्या. व्यंकटीनं आणखी मिरच्या टाकल्या. सूप थांबवलं नाही. शिंका बंद झाल्या तरी तो बराच वेळ कान देऊन बसून होता, आणि कुणी ऊठ म्हणालं की तो हात वर करून गप्प बसवायचा.